उजनी धरणावरच्या आमच्या फिशिंग ट्रिपला दोन स्टार देणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

रिव्ह्यू वाचला, दोनदा वाचला, घरी पण वाचून दाखवला. उत्तराला चार दिवस लागले कारण त्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर रागात काहीतरी लिहून गेलो असतो, खरं सांगतो. तुमचं म्हणणं असं की बोटीचे पैसे घेऊन काठावर बसवलं, चार तासात मुलाला तळहाताएवढ्या तीन चिलापी (तिलापिया मासे) लागल्या, अर्धा वेळ तंगूसचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीचा, गुंता सोडवण्यात गेला आणि आमचा मुलगा तुमच्या सासऱ्यांवर ओरडला. यातलं खोटं काहीच नाही.

आधी आमच्या चुका सांगतो. शनिवारी रात्रीच मोबाईलवर वारा दिसत होता, पण मे महिन्यात आपल्याकडं सकाळी जरा शांत असतं आणि ऊन चढेल तसा वारा वाढतो, त्यामुळं मला वाटलं साडेसातच्या आत बोटीतून एक चक्कर मारून आणू, म्हणून कळवलं नाही. कळवायला पाहिजे होतं. सोलापुरातून पहाटे चारला लेकरांना उठवून, डबे बांधून निघालेल्या माणसाला काठावर आल्यावर बोट नाही म्हणणं बरोबर नाही. आणि बोटीचे आठशे रुपये तिथल्या तिथं हातात द्यायला हवे होते ते बुधवारी पाठवले, त्यालाही काही सबब नाही.

पण बोट नाही काढली ही चूक मी मानणार नाही.

तुम्ही लिहिलंय की पाणी तर एकदम शांत होतं. ताई, ते शांत होतं कारण आपण वारा पाठीवर येईल असा काठ मुद्दाम निवडला होता, काठाचा चढ आणि वरच्या केळीच्या बागा वारा अडवत होत्या. दोनशे मीटर पुढं बघितलं असतं तर लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसला असता. वारा ताशी वीस किलोमीटरच्या आसपास गेला की हा फेस दिसायला लागतो आणि तो दिसला की आमची बोट निघत नाही, साहेब असो नाहीतर पाव्हणा. अशा काठावरून बोट काढणं सोपं वाटतं, वाराच ढकलत नेतो, पण परत येताना तोच वारा तोंडावर, लाट आखूड आणि उभी, आणि तेवढ्यात मोटर बंद पडली तर बोट सरळ मधे जाते. मी तर निघतानाच केळीची पानं बघतो, त्या दिवशी पावणेसहालाच कंदर गावाजवळ पानं फडफडत होती, तेव्हाच मला कळलं की आज अवघड आहे.

सासरे म्हणाले होते "धरण तर मायनसमध्ये आहे, कसली भीती". हे लई लोक म्हणतात. उजनी मायनसमध्ये गेली म्हणजे रिकामी होत नाही, शून्य टक्क्याच्या खालीच 63 टीएमसीपेक्षा जास्त मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्यात न धरलेलं तळाचं पाणी, आहे, बुडायला तेवढं पुरतं. 21 मे 2024 ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात याच पाण्यात उलटली, सहा जण गेले, त्यात लहान लेकरं होती. त्याच्या आधी मी पण कधी कधी "चला, होतंय काय" म्हणत बोट काढायचो. आता नाही काढत.

आता माशांचं. मासा त्या दिवशी समोरच्या काठाला होता हे मला माहीत होतं, वारा ज्या बाजूला पाणी ढकलतो तिकडं खाणं गोळा होतं आणि चिलापी तिकडंच लागते. एकटा असतो तर मी तिकडंच उभा राहिलो असतो. पण तोंडावरच्या वाऱ्यात आठ वर्षाच्या पोरानं गळ फेकला की तो उलटा मागं येतो, आणि मागं कोणाचा तरी डोळा असतो. म्हणून कमी मासे लागणारा काठ घेतला, समजून उमजून घेतला.

गुंत्याचं मात्र तुमचं बरोबर आहे. सामान स्वस्तातलं नव्हतं, पण त्या वाऱ्याला ते चुकीचं होतं. बारीक तंगूस आणि वाटाण्याएवढं शिसं घेऊन आलो होतो, वाऱ्यात त्या तंगूसला पोट सुटतं, मासा टोचून जातो तरी हाताला कळत नाही आणि रीलवर ढिले वेढे बसून गुंता होतो. नंतर आम्ही तरंगणारं बूच काढलं, जड शिसं लावलं, रॉडचं टोक पाण्याजवळ धरायला सांगितलं आणि डोक्यावरून फेकायच्या ऐवजी कमरेच्या उंचीनं आडवा फेकायला शिकवलं, मग तुमच्या मुलाला वीस मिनिटात तिन्ही लागल्या. हे पहिल्या मिनिटाला करायला पाहिजे होतं, आठ वाजता नाही.

सासऱ्यांचं म्हणाल तर ते अडकलेला गळ सोडवायला खाली गाळात उतरत होते. पाणी मागं गेल्यावर तो गाळ वरून वाळल्यासारखा दिसतो, भेगा पडलेल्या असतात, पण पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत जातो. त्या वाऱ्यात हळू हाक मारून ऐकू आलं नसतं, म्हणून आमचा मुलगा ओरडला ते ठीक. पण त्यानंतर "कळतं का काही" असं जे बोलला ते ठीक नव्हतं, वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलत नाहीत. त्याला घेऊन सासऱ्यांची माफी मागायला येतो, तुम्हाला चालत असेल तर.

चादर सारखी उडत होती आणि शेंगा चटणीत वाळू गेली, हे पण लिहिलंय तुम्ही. त्याला माझ्याकडं उत्तर नाही, माझ्या पण चटणीत गेली.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही म्हणून मीच लिहितो. पहिली चिलापी लागली तेव्हा पोरानं ती मुठीत धरली आणि पाठीवरचे काटे हाताला टोचले, डोळ्यात पाणी आलं पण मासा सोडला नाही. मग त्याला दाखवलं की डोक्याकडून शेपटीकडं हात फिरवून काटे आडवे दाबायचे आणि मग धरायची. तिसरी त्यानं स्वतः गळातून काढली. आम्ही मुलांच्या गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून ठेवतो, त्यामुळं तोंड न फाटता सुटते आणि बोटात गेला तरी लगेच निघतो.

बाकी पैशांचं म्हणाल तर उरलेल्यातले अर्धे पण परत देतो, फोन करा. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या शांत सकाळी या असं म्हणणार होतो, पण आत्ता ते म्हणणं बरं दिसत नाही. हां, मुलाची उडालेली निळी टोपी दुसऱ्या दिवशी बाभळीत अडकलेली सापडली. दोनदा धुतली, वास थोडा राहिलाय. दुकानात काउंटरच्या मागं ठेवली आहे, रात्री नऊपर्यंत कधीही घेऊन जा.