आधी दिसलं म्हणून निवडलं?

‘देव प्रीती आहे, आणि प्रीती डावं-उजवं करत नाही. शास्त्रात निवडीची भाषा येते तिचा अर्थ एवढाच, की कोण विश्वास ठेवणार हे देवाला आधीपासून दिसत होतं, आणि त्यांनाच त्याने निवडलेले म्हटलं. निवड आधी आणि विश्वास नंतर, ही कॅल्विनने काढलेली गोष्ट. ती खरी असती तर शुभवर्तमान सांगायची गरजच उरली नसती.’

हा युक्तिवाद थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतो. उपदेशात ऐकलाय, बायबल अभ्यासात ऐकलाय, आणि खरं सांगायचं तर काही वर्षं मी स्वतःही तो इतरांना ऐकवलाय. त्यामागची कळकळ मला कळते: देवाच्या नावाला पक्षपाताचा डाग लागू नये. पण या चार-पाच वाक्यांत चार वेगळे दावे एकमेकांना धरून उभे आहेत, आणि सुटे करून पाहिले तर एकही जसाच्या तसा टिकत नाही.

सोप्यापासून सुरू करतो: कॅल्विन, प्रोटेस्टंट धर्मसुधारक. त्याचा जन्म 1509 चा. माणसाची इच्छा पापाच्या दास्यात आहे, तारण माणसाच्या निवडीवर नाही तर देवाच्या कृपेवर उभं आहे, असं प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने इरॅस्मस या विद्वानाला खडसावून सांगितलं ते 1525 साली. तेव्हा कॅल्विन सोळा वर्षांचा विद्यार्थी होता. त्याच्याही अडीचशे वर्षं आधी थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन धर्मपंडिताने लिहून ठेवलंय, की माणसाची पुढची पुण्याई दिसली हे देवाच्या निवडीचं कारण असू शकत नाही. आणि तो काही प्रोटेस्टंट नव्हता.

खरी गंमत ऑगस्टीन या प्राचीन लॅटिन आचार्याची आहे. 394 च्या सुमारास रोमकरांस पत्रावर लिहिताना तो नेमकं आजच्या या युक्तिवादासारखंच बोलत होता: देवाने याकोबाला निवडलं ते त्याचा पुढचा विश्वास पाहून. दोनेक वर्षांनी मिलानच्या सिंप्लिसियानुसने त्याला नवव्या अध्यायाबद्दल प्रश्न विचारले, आणि उत्तर लिहायला बसल्यावर ऑगस्टीनची लेखणी अडली. याकोब आणि एसाव ही जुळी मुलं अजून जन्मलेली नव्हती, त्यांनी बरं-वाईट काही केलेलं नव्हतं, तेव्हाच निवड झाली, असं पौल म्हणतो. पुढची कर्मं दिसली म्हणून ती झाली असं म्हणायची सोय तो ठेवत नाही. मग पुढचा विश्वास दिसला म्हणून? पण आधी दिसण्याचंच म्हणाल तर कर्मंही देवाला आधी दिसतच होती. ती कारण होऊ शकत नसतील तर विश्वासाने असं काय वेगळं केलं? शिवाय विश्वास हेच देवाचं दान असेल तर देव स्वतःच जे देणार आहे ते पाहून निवड करतो, असं म्हणण्यात अर्थ काय? ऑगस्टीनने आपलं मत बदललं. म्हातारपणी स्वतःच्या लिखाणाची झडती घेताना त्याने या उत्तराबद्दल लिहिलं, की मी मानवी इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने झगडलो, पण जिंकली ती देवाची कृपा.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. ओरिजेन आणि क्रिसोस्टोम हे ग्रीक आचार्य ऑगस्टीनच्या आधीचे किंवा समकालीन, आणि त्यांचा अर्थ पूर्वदृष्टीच्या, म्हणजे ‘आधी दिसलं म्हणून निवडलं’ या बाजूचा आहे. म्हणजे ‘हे नंतर कुणीतरी घुसवलं’ म्हणून उडवून लावायची वाट दोघांनाही बंद. वाद मजकुरावरच करावा लागतो.

आता मजकूर. रोमकरांस 8:29 मध्ये, ज्यांच्याविषयी देवाला पूर्वज्ञान होतं त्यांना त्याने आगाऊ नेमलं, असं आहे. ‘पूर्वज्ञान म्हणजे आधी माहीत असणं, यात वाद कसला?’ घोडं इथेच पेंड खातं. कारण मराठीत आपण दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो: माहिती आणि ओळख. एखाद्याचं नाव, गाव, धंदा सगळं मला माहीत असेल, तरी माझी त्याच्याशी ओळख असेलच असं नाही. आणि पैसा आल्यावर जुना मित्र ओळख दाखवत नाही, तेव्हा त्याची स्मृती गेलेली नसते. त्याने नातं टाकलेलं असतं.

पवित्र शास्त्रातलं ‘जाणणं’ अनेकदा या दुसऱ्या घरचं आहे. आदामाने हव्वेला जाणलं यासाठी हिब्रूत जो शब्द येतो, तोच आमोस 3:2 मध्ये येतो: पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांपैकी देवाने फक्त इस्राएलला जाणलं. मिसर आणि बाबेल ही राष्ट्रं अस्तित्वात आहेत याची देवाला खबर नव्हती, असा त्याचा अर्थ कुणी करेल का? यिर्मयाला देव म्हणतो, गर्भात घडवण्यापूर्वीच मी तुला जाणलं. आणि त्याच दमात त्याला वेगळं करून संदेष्टा नेमतो. डोंगरावरच्या प्रवचनाच्या शेवटी प्रभू काहींना सांगणार आहे, की माझी तुमची कधीच ओळख नव्हती. त्यांची सगळी कुंडली त्याला पाठ असणार. नव्हती ती ओळख.

नव्या करारात ‘आधी जाणणं’ हे क्रियापद पाच वेळा येतं. दोनदा जाणणारी माणसं आहेत. त्यातल्या 2 पेत्र 3:17 मध्ये अर्थ खरोखर साधी आगाऊ माहिती असाच आहे, हे मान्य. उरलेल्या तिन्ही ठिकाणी जाणणारा देव आहे, आणि तिन्ही ठिकाणी तो माणसं जाणतो, घटना नाही: रोमकरांस 8 मध्ये विश्वासणारे, 11:2 मध्ये इस्राएल, आणि 1 पेत्र 1:20 मध्ये खुद्द ख्रिस्त, जगाच्या स्थापनेपूर्वी. ख्रिस्त काय करणार हे देवाला दिसलं आणि म्हणून त्याला निवडलं, असा अर्थ तिथे कुणीच लावत नाही. मग त्याच शब्दाचा 8:29 मध्ये ‘त्यांचा विश्वास दिसला’ असा अर्थ कुठून आला? ‘विश्वास’ हा शब्द त्या वाक्यात नाहीच. तो आपण आणून ठेवतो.

याकोबस आर्मिनियस या डच धर्मपंडिताचं नाव या वादात सतत घेतलं जातं, म्हणून एक सांगतो. पूर्वदृष्टीची बाजू त्याने मांडली हे खरं, पण कृपेने आधी हात दिल्याशिवाय माणूस विश्वास ठेवूच शकत नाही, हेही तो तितक्याच ठामपणे सांगत होता. आज फिरणाऱ्या युक्तिवादात माणूस आपल्या बळावर विश्वास ठेवतो आणि देव वरून नोंद करतो. हे आर्मिनियसच्या गळ्यात मारणं त्याच्यावरही अन्याय आहे.

बरं, क्षणभर मानू की निवड म्हणजे पूर्वदृष्टीच. त्याने पक्षपाताचा डाग पुसला जातो का? माझ्या मते हीच या युक्तिवादाची सगळ्यात कच्ची जागा, आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. एक माणूस कधीच विश्वास ठेवणार नाही हे देवाला जग निर्माण करण्यापूर्वी दिसलं. तरीही त्याने त्या माणसाला निर्माण केलं. त्याच घरात, त्याच काळात. का? पूर्वदृष्टीकडे याचं उत्तर नाही. प्रश्न एक पायरी मागे सरकला, एवढंच. एखादी गोष्ट आधी ठाऊक असणं म्हणजे ती घडवून आणणं नव्हे, हे बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने सहाव्या शतकात नीट समजावलंय आणि मला ते पटतं. पण त्याने माणसाचं स्वातंत्र्य वाचतं. निवडीचा प्रश्न तिथेच राहतो.

हे ज्याला नीट उमगलं होतं तो लुईस दे मोलिना, स्पेनचा, जेझुइट या कॅथलिक संघातला. 1588 च्या ग्रंथात त्याने सांगितलं, की देवाला काय होणार एवढंच कळत नाही. अमुक परिस्थितीत अमुक माणूस काय करील, हेही कळतं. याला आधार म्हणून 1 शमुवेल 23 दाखवतात. दावीद आपली सहाशेच्या आसपास माणसं घेऊन कईला नगरात आहे. शौल चाल करून येणार अशी कुणकुण आहे. दावीद देवाला विचारतो: शौल येईल का? येईल. हे लोक मला त्याच्या हाती देतील का? देतील. दावीद उठून निघून जातो. शौल येत नाही, कुणी कुणाला हाती देत नाही. देवाला जे कळलं होतं ते घडलंच नाही, तरी ते खरं होतं. भविष्याचा सिनेमा आधी बघून ठेवणारा देव या गोष्टीत बसवून दाखवा! मोलिनाचं उत्तर सगळ्यांना पटलं असंही नाही. डॉमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाशी त्याच्या बाजूचा वाद रोममध्ये 1598 पासून चालला, आणि 1607 मध्ये पोप पाचव्या पौलाने निकाल न देताच तो मिटवला. एकमेकांना पाखंडी म्हणू नका, अशी तंबी देऊन.

राहिला ‘प्रीती डावं-उजवं करत नाही’ हा दावा. अनुवाद 7 मध्ये मोशे इस्राएलला सांगतो, की तुम्ही संख्येने मोठे म्हणून परमेश्वराने तुम्हाला निवडलं नाही. त्याची तुमच्यावर प्रीती होती म्हणून निवडलं. प्रीतीचं कारण म्हणून प्रीतीच. मलाखीमधलं याकोबावर प्रीती आणि एसावाचा द्वेष हे वाक्य एसावाच्या वंशजांच्या अदोम राष्ट्राबद्दल आहे, हा आक्षेप बरोबर आहे. पण पौल ते गर्भातल्या दोन मुलांना लावतो, त्याचं काय करायचं? ‘द्वेष’ या शब्दाने मात्र दचकू नये. उत्पत्ती 29 मध्ये याकोब राहेलीवर लेआपेक्षा जास्त प्रीती करत होता असं म्हणून लगेच पुढे लेआच्या बाबतीत हाच हिब्रू शब्द येतो. तिला मागे ठेवलं होतं, एवढाच तिथे त्याचा अर्थ.

पण इथे मला आपल्याच बाजूच्या लोकांशी भांडायचंय. निवड खरी म्हणून देव फक्त निवडलेल्यांवरच प्रीती करतो, असं काही जण बेधडक सांगतात. मार्क 10 मधला श्रीमंत तरुण आठवा. धावत येतो, गुडघे टेकतो. येशू त्याच्याकडे निरखून पाहतो आणि त्याच्यावर प्रीती करतो. हे मार्कने मुद्दाम नोंदवलंय. आणि तो तरुण तोंड उतरवून निघून जातो. तो पुढे परतला का, मार्क सांगत नाही. योहान 3:16 मधलं ‘जग’ आखडून ‘निवडलेले’ करणं मला जमत नाही. 1 तीमथ्य 2:4 मध्ये सर्वांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. त्या ‘सर्वां’चा अर्थ ऑगस्टीनने ‘सर्व प्रकारची माणसं’ असा लावला, आणि तो मला ओढून-ताणून आणलेला वाटतो. त्या वचनाची अडचण माझ्या बाजूची आहे, ती मी बाळगतो.

शेवटचा दावा: मग सांगायचं कशाला? हा आक्षेप हवेतला नाही. अठराव्या शतकात इंग्लंडच्या काही बॅप्टिस्ट मंडळ्यांनी खरोखरच असा निष्कर्ष काढला होता, आणि अँड्रू फुलरला 1785 मध्ये त्याविरुद्ध पुस्तक लिहावं लागलं. पण फुलर स्वतः निवड मानणाराच होता. त्याचा मित्र विल्यम कॅरीही. 1793 मध्ये कॅरी भारताकडे निघाला, आणि मराठीतला पहिला छापील नवा करार त्याच्याच श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या ज्या प्रोटेस्टंट धर्मसभेने 1618-19 मध्ये पूर्वदृष्टीची बाजू फेटाळली, तिनेच आपल्या नियमांत लिहिलं, की ख्रिस्ताचं मरण सगळ्या जगाच्या पापांसाठी पुरून उरेल एवढं आहे आणि शुभवर्तमान सर्व राष्ट्रांना भेद न करता सांगितलं पाहिजे.

प्रेषितांची कृत्ये 27 मध्ये वादळात सापडलेल्या तारवावर 276 माणसं आहेत. देवदूताने पौलाला रात्री सांगितलंय: तारू जाईल, माणूस एकही जाणार नाही. पक्कं वचन. तरी खलाशी नांगर टाकायच्या बहाण्याने होडी पाण्यात सोडून पळू लागतात, तेव्हा हाच पौल शताधिपतीला म्हणतो, हे तारवावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापून ती वाहू देतात. पहाटे पौल सगळ्यांना चार घास खायला लावतो, मग गहू समुद्रात फेकून तारू हलकं करतात, आणि शेवटी पोहता येणारे उड्या मारून आणि बाकीचे फळ्यांना धरून किनाऱ्याला लागतात.