गहाण टाकलेलं घड्याळ

"विटा भाजून मताचा हक्क मिळत नसतो, दादा," वैशालीने ठणकावलं. चहा तसाच राहिला.

विषय निघाला होता बुकर टी. वॉशिंग्टनचा. प्रकाशदादा आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतात. अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यात या माणसाच्या तोडीचं दुसरं कोणी नाही, असं त्यांचं ठाम मत. "गुलामीत जन्मलेला माणूस. १८८१ मध्ये अलाबामातल्या टस्कीगीला शाळेवर आला, तेव्हा धड इमारतही नव्हती. विटा पोरांनीच पाडल्या. एकापाठोपाठ तीन भट्ट्या फसल्या. पैसा संपला, तर गड्याने स्वतःचं घड्याळ गहाण टाकलं, १५ डॉलर आणले आणि चौथी भट्टी लावली. ती जमली. घड्याळ काही परत मिळालं नाही, पण ज्या गोऱ्यांना ही शाळा नकोशी होती, ते विटा घ्यायला तिच्याच दारात आले. हातात कसब असलं की जग विचारतं."

हे सांगताना दादांचा आवाज चढतो. तीस वर्षं पोरांच्या हाताला वळण लावलंय त्यांनी, त्यांना ती भट्टी डोळ्यांसमोर दिसत असणार.

वैशाली कोर्टात वकिली करते. ती म्हणाली, "आणि १८९५ चं अटलांटातलं भाषण? सामाजिक बाबतीत आपण हाताच्या बोटांसारखे वेगळे राहू, असं त्याने गोऱ्यांसमोर सांगितलं. वेगळं राहायला आपणच कबूल झाल्यावर उरलं काय? १९०१ मध्ये त्याच अलाबामाने नवी राज्यघटना केली आणि काळ्यांची नावं मतदार यादीतून उडवली. विटा घेणाऱ्यांपैकी कोण आडवं आलं?"

मग तिने वॉशिंग्टनच्या वाटेवर उघड टीका करणाऱ्या ड्यू बॉइस यांची गोष्ट सांगितली. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. अटलांटात शिकवत होते. नीट अभ्यास करून, आकडे मांडून गोऱ्यांना पटवता येईल, असं त्यांना मनापासून वाटायचं. १८९९ मध्ये जॉर्जियात सॅम होज नावाच्या काळ्या मजुराला जमावाने हाल करून जाळलं. ड्यू बॉइस निषेधाचं पत्र घेऊन वर्तमानपत्राच्या कचेरीकडे चालत निघाले. वाटेत कळलं, की होजच्या बोटांची हाडं पुढे एका किराणा दुकानात मांडून ठेवली आहेत. ते तिथूनच मागे फिरले.

कोणी काही बोललं नाही. वैशालीही थोडी थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या दुकानदाराला कुठलं कसब दाखवणार होतात, दादा? बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं ते ड्यू बॉइसनाच. काळ्यांची कैफियत संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली जात होती, तिच्या प्रती मागवल्या होत्या."

"तोवर वॉशिंग्टन जाऊन तीस वर्षं झाली होती गं. त्याला कसं लिहिणार?"

मला राहवलं नाही. मी जाइल्स खटल्याचं काढलं. जॅक्सन जाइल्स हा माँटगोमेरीचा काळा मतदार. त्या नव्या राज्यघटनेविरुद्ध तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९०३ मध्ये हरला. या खटल्याला गुपचूप पैसा पुरवला होता वॉशिंग्टननेच. वकिलाशी पत्रव्यवहार चालायचा तो खोट्या नावांनी.

वैशालीलाही हे ठाऊक नव्हतं. दादा सुखावले. पण मला याचा अर्थ उलटा लागतो. भट्टी पेटली, शाळा वाढली, १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पंगतीला बसण्याचा मानही मिळाला, आणि तरी या माणसाला लपूनछपून कोर्टाची पायरी चढावी लागली. नुसत्या कसबाने भागणार नाही, हे त्याला कळलं होतं. मग व्यासपीठावरून तो हे का बोलला नाही? त्याचा शब्द ऐकणारे लाखो लोक होते. ज्यांची मतं गेली, त्यांना आपला सर्वांत मोठा माणूस आपल्या बाजूने उभा आहे हे कळलंच नाही. ही गोष्ट मी त्याला माफ करू शकत नाही.

दादांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि उघड बोलला असता," ते म्हणाले, "तर टस्कीगीला देणगी कोणी दिली असती? ती पोरं कुठे गेली असती? तू वीस वर्षांचा काळा पोरगा आहेस असं समज. भाषण हवं की भट्टी?"

"दोन्ही," वैशाली म्हणाली.

"ते आज म्हणतेस."

टपरीवाला ग्लास गोळा करायला आला, तरी दोघं उठायला तयार नव्हती.