आघात एका अक्षरावर, उंच सूर पुढच्या अक्षरावर

सप्रेम नमस्कार.

आपला आक्षेप नेमका असल्यामुळे सविस्तर उत्तर देतो. आपण म्हणता की, स्पॅनिशमध्ये आघाताच्या, म्हणजे शब्दात जोर दिल्या जाणाऱ्या, अक्षरावरच सूर सर्वांत उंच असतो. तो पुढच्या अक्षरावर जातो हे माझे विधान खरे मानले, तर ‘मे’वर आघात असलेले ‘नुमेरो’ (मी क्रमांक घालतो) आणि ‘रो’वर आघात असलेले ‘नुमेरो’ (त्याने क्रमांक घातला) यांतला भेद कळणारच नाही.

भेद कळतो, कारण कान केवळ शिखर, म्हणजे सुराचा सर्वांत उंच बिंदू, टिपत नसतो. ‘नुमेरो ला ओखा’, म्हणजे ‘मी पानावर क्रमांक घालतो’ किंवा ‘त्याने पानावर क्रमांक घातला’, हे वाक्य साध्या विधानाच्या सुरात म्हटले, तर पहिल्या अर्थी सूर ‘मे’च्या आरंभी खाली असतो, तिथून चढू लागतो आणि ‘रो’वर शिखर गाठतो, दुसऱ्या अर्थी चढाची सुरुवातच ‘रो’पाशी होते आणि शिखर ‘रो’च्या अखेरीस किंवा ‘ला’वर येते. ‘रो’ दोन्हीकडे उंच ऐकू येतो, हे आपले निरीक्षण बरोबरच आहे. परंतु चढ कुठून सुरू झाला आणि कोणते अक्षर अधिक लांबले, यांवरून ऐकणारा आघात ओळखतो. पिलार प्रिएतो, यान फान सान्तेन आणि जूलिया हिर्शबर्ग यांनी 1995 मध्ये मेक्सिकन स्पॅनिशवर केलेल्या अभ्यासात हेच दिसले: चढाचा आरंभ आघाताच्या अक्षराच्या आरंभाशी जवळजवळ बांधलेला असतो, तर शिखर मात्र पुढे शब्दाची सीमा किंवा दुसरा आघात किती जवळ आहे यानुसार सरकते.

आपला नियम खोटा नाही, तो अपुरा आहे. एखाद्या शब्दावर मुद्दाम भर दिला की शिखर आघाताच्या अक्षरातच येते. अर्जेंटिनातील ब्वेनोस आइरेसच्या बोलीत तर साध्या विधानातही ते लवकर येते. लॉरा कोलान्तोनी आणि होर्खे गुर्लेकियान यांनी 2004 मध्ये त्याचा संबंध तिथे आलेल्या इटालियन स्थलांतरितांशी जोडला.

‘शिकणाऱ्याला याचा काय उपयोग?’ हा आपला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक शब्दाचे शिखर आघाताच्या अक्षरातच बसवणारा विद्यार्थी माद्रिदच्या श्रोत्याला शब्दाशब्दावर जोर देत बोलतो आहे असे वाटू शकते. आपण ‘प्रात’ (Praat) या ध्वनिविश्लेषणाच्या संगणक प्रणालीत एखादे ध्वनिमुद्रण उघडून पाहावे आणि सुराच्या रेषेत शिखराआधी चढाची सुरुवात शोधावी.