समन्सवर सही केली नाही की केस होत नाही म्हणे!

आमच्या गिरगावच्या चाळीत हा कायदा पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. कोर्टाचे कागद पोचवणारा बेलिफ जिना चढताना दिसला की तो पोचायच्या आत बातमी तिसऱ्या मजल्यावर, आणि ज्याच्या नावाचं समन्स तो 'गावाला गेलेला'. माझ्या काकांनी त्यावर कडी केली. दारात उभं राहून बेलिफला तोंडावर सांगितलं, "घेत नाही, जा!" त्या रात्री केस जिंकल्याच्या थाटात जेवले.

बेलिफने वाद घातला नाही. शेजारच्या अण्णांना विचारून खोली हीच ना याची खात्री केली, प्रत दाराला चिकटवली, अण्णांचं नाव लिहून घेतलं आणि गेला. काकांनी ती फाडली. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 5 मधला नियम 17 अशाच काकांसाठी आहे. बेलिफचा अहवाल गेला, बजावणी झाल्याचं, म्हणजे समन्स पोचल्याचं, कोर्टाने मान्य केलं आणि खोलीमालकाच्या दाव्यात एकतर्फी हुकूमनामा झाला, म्हणजे काकांची बाजू न ऐकताच निकाल. 'मला समन्स मिळालंच नाही' म्हणायची सोय काकांनी स्वतःच घालवली होती. शेवटी मालक म्हणेल त्या अटींवर तडजोड केली.

पोस्टाचंही तेच. पोस्टमनने 'घेण्यास नकार' असा शेरा मारला की तीसुद्धा बजावणीच. सही म्हणजे कागद मिळाला, एवढंच. दावा कबूल केला असा अर्थ होत नाही. उलट लेखी जबाबाला 30 दिवस मिळतात, कोर्टाने परवानगी दिली तर 90 पर्यंत. वकील गाठायला ते दिवस लागतात हो!

(फौजदारी समन्सची गंमत वेगळीच. माणूस सापडला नाही तर ते घरातल्या सज्ञान पुरुषाकडेच द्यायचं, हा नियम 30 जून 2024 पर्यंत होता. अख्खं घर चालवणारी काकू कागद घ्यायला मात्र अपात्र!)

पण जो खरोखरच अंधारात असतो त्याचं काय? चाळ पुनर्विकासात गेली, बिऱ्हाडं विरार-डोंबिवलीला पांगली. वादीने दाव्यात जुनाच पत्ता घातला. चिकटवायला दारच नाही, म्हणून त्याच ऑर्डरच्या नियम 20 खाली पेपरात जाहीर नोटीस, म्हणजे 'पर्यायी बजावणी'. मुंगीएवढ्या अक्षरातली ती नोटीस कोण वाचतं? असं कुणाचं झालं असेल तर एक लक्षात ठेवा: हुकूमनामा रद्द करून घ्यायची मुदत 30 दिवसांची आहे, पण मुदत कायद्याच्या अनुच्छेद 123 मध्ये अशा पर्यायी बजावणीला रीतसर बजावणी धरत नाहीत. म्हणजे ते 30 दिवस तुम्हाला हुकूमनामा कळल्यापासून मोजायचे. हे सांगणारं कोणी भेटत नाही, आणि लोक 'मुदत गेली' म्हणून गप्प बसतात.

2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोचल्याचं मानलं, कारण संदेश आणि सोबतची पीडीएफ उघडल्याच्या खुणा दिसत होत्या. मग आजही 'प्रतिवादी सापडत नाही' एवढ्यावर पेपर कशाला? ज्याच्याशी पाच-दहा वर्षं व्यवहार केला, त्याचा नंबर वादीच्या मोबाइलमध्ये असतोच. जाहीर नोटिशीची परवानगी मागायला आलेल्याला कोर्टाने एवढंच विचारावं: याला शेवटचा फोन कधी केलास?