समाधान आला का?

दानाची लाल मखमली थैली आमच्या बाकापाशी आली तेव्हा अनुग्रहच्या मुठीत दोन रुपयांचं नाणं होतं. मीच दिलं होतं, "देवाला द्यायचं हं" असं बजावून. साडेतीन वर्षांच्या माणसाला 'द्यायचं' म्हणजे काय हे देऊन झाल्यावर कळतं. त्याने ऐटीत नाणं टाकलं, आत डोकावून पाहिलं, माझ्याकडे बघून हसला, आणि थैली पुढच्या बाकाकडे सरकली तसा त्याला सगळा व्यवहार लक्षात आला.

"माझं आहे ते!"

आमचं चर्च जुनं, दगडी, उंच छताचं. तिथे कुणी खोकलं तरी तो खोकला वर जाऊन पुन्हा खाली येतो. अनूने थैलीचा काठ धरला. थैली फिरवणारे काका सत्तरीच्या पुढचे. ते चेहऱ्यावरचा पवित्र भाव ढळू न देता थैली आपल्याकडे ओढत होते. आणि नेमके तेव्हाच पाळकसाहेब म्हणाले, "आपण शांतपणे देवासमोर नतमस्तक होऊ या." मंडळी नतमस्तक झाली. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता पसरली, आणि त्या शांततेत आमचा मुलगा ओरडला, "काका चोर आहेत!"

नवऱ्याकडे पाहिलं. तो समोर गायनमंडळात, तबल्यावर. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आमच्यासाठी अभंग-भजनांच्या वळणाची गीतं लिहून ठेवली, म्हणून आमची उपासना पेटी-तबल्यावाचून होत नाही, आणि म्हणून माझ्या नवऱ्याचे दोन्ही हात दर रविवारी कामात असतात. टिळकांबद्दल मला अपार आदर आहे. एवढी एक तक्रार सोडून.

माझ्या मांडीवर सव्वा वर्षाची बाळी गीतांच्या पुस्तकाचा कोपरा चघळत होती. शेजारी सहा वर्षांची शांती (नाव फार प्रार्थना करून ठेवलं होतं, प्रार्थनेत कुठेतरी गफलत झाली असावी) मला मोठ्यांदा विचारत होती, "मम्मी, अनू आता नरकात जाणार का?"

उपासना संपल्यावर मी तिघांना घेऊन मागच्या दाराने सटकणार, तोच पाळकबाईंनी गाठलं.

"जय ख्रिस्त! येत्या शनिवारी महिला मंडळात तुम्ही बोलायचं. दहाच मिनिटं. विषय आहे 'समाधान'."

"मी?"

"तुम्हीच. तुमचा चेहरा किती प्रसन्न असतो चर्चमध्ये!"

आता त्यांना कसं सांगू, की दात घट्ट आवळून बसलं की ओठांचे कोपरे आपोआप वर जातात?

नगरला (आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच) अमेरिकन मराठी मिशनची माणसं आली 1831 साली. तेव्हापासून इथल्या चर्चांमधून समाधानावर किती उपदेश झाले असतील याचा हिशोब नाही. त्यात माझ्या दहा मिनिटांनी काय बिघडणार आहे, अशी स्वतःची समजूत घालून मी सोमवारी पहाटे पाचचा गजर लावला.

पहाटेच्या मननाचं महत्त्व आम्हाला लहानपणापासून शिकवतात. सगळं घर झोपलेलं, टेबलावर शास्त्र, म्हणजे बायबल, उघडं, आणि तुम्ही व देव. मी स्वयंपाकघरात पाय न वाजवता गेले. दिवा लावला तो ओट्यावरचा छोटा. फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय चौथा, ओवी अकरावी. संत पौल सांगतोय की ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला तो शिकलाय. मी डोळे मिटले. पाठीमागून अगदी हळू आवाज आला.

"मम्मी, तू येशूशी बोलतेस?"

मला गहिवरून आलं. पहाटेचा अंधार, लेकराचा निरागस प्रश्न. म्हटलं, "हो रे राजा."

"मग त्याला सांग, मला शी आली."

मंगळवारी साडेचारचा गजर लावला. मुलं गजराने उठत नाहीत हे मी छातीवर हात ठेवून सांगते. ती आईच्या उठण्याने उठतात. गजर बंद करून मी पडून राहिले असते तर तिघंही आठपर्यंत घोरत पडली असती. मी एक पाय जमिनीवर टेकवला आणि बाळी उठून बसली.

त्यामुळे तयारी झाली ती दिवसभरात, भाजी चिरताना, डबा भरताना, रिक्षावाल्या मामांना "दोन मिनिटं हं" म्हणताना. आणि अशा घाईगर्दीत विचार केल्यामुळे असेल, पण माझ्या मनात पौलाविषयी पाप आलं.

पौलाचे हाल झाले हे मान्य. तीनदा गलबत फुटलं, एकदा दगडमार, पाच वेळा प्रत्येकी 39 फटके. त्याने ते सगळं मोजून लिहून ठेवलंय. पण हे समाधानाचं पत्र लिहिलं तेव्हा तो होता कैदेत. आमचे पाळकसाहेब सांगतात, रोममध्ये. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्या कैदेचं वर्णन आहे: दोन वर्षं भाड्याच्या घरात, पहाऱ्याला एक शिपाई. इकडे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती सामान पाठवलेलं. म्हणजे बघा, स्वतंत्र खोली. दाराशी माणूस, जो कुणाला आत घुसू देणार नाही. जिन्नस बाहेरून येतात. हातात बोरू आणि एक अख्खं वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहायची मुभा. मी ते वर्णन कणीक मळता मळता वाचलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "किती छान!"

"काय छान?" सासूबाईंनी विचारलं.

"पौलाचा तुरुंग."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, मिशन कंपाउंडात एका खोलीत चार पोरं वाढवली मी. समाधान वगैरे काही नव्हतं तेव्हा. रॉकेल मिळालं की झालं."

बुधवारी ठरवलं की आपण बाईमाणसाचाच दाखला घ्यावा. मराठी ख्रिस्ती बाईला पंडिता रमाबाईंहून मोठा दाखला कुठला? त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. केडगावला, म्हणजे दौंडजवळच्या, आमच्या नगरच्या केडगावला नव्हे. मुक्ती मिशनमध्ये शेकडो बायका-मुलींचा सांभाळ, दुष्काळातून आणलेल्या पोरी, शेती, विहिरी, आणि त्यातून वेळ काढून भाषांतर. छपाईचे खिळेसुद्धा तिथल्याच बायका-मुलींनी जुळवले. 1922 साली त्या गेल्या तोवर हे काम त्यांनी हातावेगळं केलं होतं. मला एक ओवी वाचायला तीन दिवस लागले होते आणि तीही डाळीचा डाग पडल्यामुळे अर्धीच दिसत होती. म्हणून हा दाखला रद्द. समाधानावर बोलताना असली तुलना परवडत नाही.

तेवढ्यात बेल वाजली. शांतीने दार उघडलं आणि आत वळून जोरात आरोळी ठोकली, "मम्मी, समाधान आला!"

गॅसची टाकी आणणाऱ्या मुलाचं नाव समाधान. मी धावत गेले. त्याने टाकी ठेवली, घाम पुसला, पाणी प्याला, "ताई, सुट्टे द्या" म्हणाला आणि गेला. दुपारभर सासूबाई आल्यागेल्याला सांगत होत्या, "आमच्या सुनेला समाधान सापडलं बरं का! बेल वाजवून आलं."

खरा घोळ झाला तो स्तोत्र 131 ने. बायबलातलं हे स्तोत्र लहानसं, तीनच ओव्यांचं, दावीद राजाच्या नावावर असलेलं. त्यात तो म्हणतो, दूध तुटलेलं बालक आपल्या आईजवळ असावं तसा माझा जीव शांत झालाय. वाचून मी उडालेच. समाधानाचं चित्र काढायचं तर राजाने सिंहासन नाही, वीणा नाही, तान्ह्या मुलाचं दूध तुटणं घेतलं! आणि आमच्या घरी नेमका तोच कार्यक्रम चालू. बाळीचं दूध तोडायला दहा दिवस झाले होते.

सासूबाईंनी उपाय सांगितला होता: कोरफडीचा गर लावायचा. कडू लागतं, मूल तोंड फिरवतं, दोन दिवसांत विसरतं. मी लावला. बाळीने तोंड लावलं. थबकली. माझ्याकडे पाहिलं, विश्वासघात झालेल्या माणसाच्या नजरेने. मी मन घट्ट केलं. मग तिने जीभ बाहेर काढली, नाक पुसल्यासारखं केलं, आणि नीट विचार करून सगळा गर चाटून साफ केला. तिसऱ्या दिवसापासून ती कुंडीतल्या कोरफडीकडे बोट दाखवून "मं मं" करायला लागली.

रात्री एक वाजता ती माझ्या गाउनची गळपट्टी दोन्ही मुठींत धरून रडत होती, मी तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरत होते, आणि माझ्या डोक्यात दाविदाशी भांडण चाललं होतं. महाराज, तुम्ही दूध तुटलेलं बालक पाहिलंत. तुटत असलेलं पाहिलं नाहीत. ते दहा-बारा दिवस तुम्ही बहुतेक मोहिमेवर होतात.

दीड वाजता तिने मूठ सोडली. मान माझ्या गळ्याशी टाकली आणि तशीच, काही न मागता, पडून राहिली. मी पाळण्याशी गेले आणि तिला ठेवलं नाही. बराच वेळ ठेवलं नाही. पाय दुखत होते, तरी.

अनूचं मात्र दोन रुपयांवरून मन उठलं नव्हतं. रोज रात्री कौटुंबिक प्रार्थनेत तो आपला मुद्दा मांडायचा. "देवबाप्पा, चपातीसाठी आभार. दुधासाठी आभार. भेंडीसाठी नाही. माझे दोन रुपये कुठे आहेत? आमेन." मी त्याला समजावलं की चर्चला लाइटबिल भरावं लागतं. यावर तो अर्धा दिवस गप्प होता. मग म्हणाला, "देवाने म्हटलं ना, उजेड होवो? मग बिल कसं?" नवरा म्हणाला, हा पोरगा मोठेपणी एक तर पाळक होणार, नाहीतर लेखापाल.

शनिवार उजाडला. चार वाजता चर्चच्या हॉलमध्ये पंचवीसेक बायका. नवरा कामावर, सासूबाई माझं भाषण ऐकायला पहिल्या रांगेत, म्हणजे मुलं माझ्याबरोबर. मी बाळीला कडेवर घेऊन उभी राहिले आणि पिशवीतून मुद्द्यांची वही काढली. उघडली. बे एके बे, बे दुणे चार. माझी वही घरी राहिली होती आणि शांतीची गृहपाठाची आली होती.

मग काय बोलणार? मी कोरफडीचं सांगितलं. पौलाच्या स्वतंत्र खोलीचं सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतली एक तरुण आई इतक्या आशेने हसली की मला तिला तिथल्या तिथे भेटावंसं वाटलं. दाविदाशी झालेलं भांडण सांगितलं. पौल 'शिकलो' म्हणतो, म्हणजे त्यालाही हे येत नव्हतं, आणि शिकायला किती वर्षं लागली ते त्याने लिहिलेलं नाही, एवढं बोलून मी पुढचा मुद्दा आठवू लागले. तो काही आठवला नाही. ऐंशीच्या पुढच्या एक आजी कोपऱ्यातून म्हणाल्या, "दाविदाच्या बायकोने लिहिलं असतं ना बाई, तर तीन ओव्यांत आटपलं नसतं." हॉल हसला. सासूबाई सगळ्यांत जास्त. त्या हशातच मी खाली बसले. साडेचार मिनिटं झाली होती.

पाळकबाईंनी गीत सांगितलं. सगळ्या उभ्या राहिल्या आणि दानाची थैली फिरू लागली. माझ्या एका हातात बाळी, दुसऱ्या हातात शांतीची वही. थैली कधी अनूपाशी पोहोचली ते कळलंच नाही. मी खाली पाहिलं तेव्हा त्याचा हात कोपरापर्यंत आत गेलेला होता. शांतपणे, घाई न करता, पोस्टाच्या खिडकीवर उभं राहावं तसा तो आत चाचपत होता. हात बाहेर आला. त्यात पाच रुपयांचं नाणं होतं.

"मिळालं," तो म्हणाला. ओरडला नाही. नुसतं कळवलं.

थैली धरलेल्या काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. गीत चालू होतं, त्यामुळे दोघींनाही काही बोलता येईना. अनू खुर्चीवर चढला, माझ्या कमरेला टेकला आणि दुसरं कडवं संपायच्या आत झोपला. मी हळूच त्याची मूठ उघडायला गेले. उघडेना. मग पर्समधून दहाची नोट काढून थैलीत टाकली, बाळीच्या तोंडातून गीतांचं पुस्तक ओढून घेतलं आणि तिसरं कडवं कुठे ते शोधायला लागले.