भिंतीत साठलेले ऊन

सातारा जिल्ह्यातल्या औंधजवळच्या आमच्या गावात घरोघरी चाललेला वाद यंदा आमच्याही घरात आला आहे: माळवदाचे जुने घर पाडून स्लॅबचे बांधायचे की नाही? दादा बांधायचे म्हणतो, आणि वहिनींचा आग्रह त्याहून मोठा आहे. तो मला खोडून काढता येत नाही, कारण पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती घालून घेणे, रात्री गळती शोधत पातेली मांडणे हे सारे त्या करतात. मी ओस्लोत राहतो.

तरीही चित्रकार म्हणून मला काही मांडायचे आहे. ओस्लोत डिसेंबरअखेर सूर्य सव्वानऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वातीनपर्यंत मावळतो. त्यात रंग खरे दिसावेत असा उजेड जेमतेम चार तास मिळतो. त्यामुळे इथे घराचा विचारच उजेड आणि ऊब यांपासून सुरू होतो. खिडकीची काच तिहेरी असते, भिंतीच्या पोटात उष्णता अडवणारा जाड थर असतो. आमच्याकडच्या वादात मात्र खोल्या किती, फरशी कोणती आणि गाडी कुठे लावायची एवढेच बोलले जाते. आमची दीड हात जाडीची मातीची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते सावकाश सोडते. उघड्या आभाळाखालचा स्लॅब पौषातल्या पहाटेपर्यंत गारठून जातो. माळवदाच्या झरोक्यातून शाळूच्या राशीवर पडणाऱ्या कवडशानेच मला छाया म्हणजे काय ते शिकवले. स्वतः चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या औंधच्या संग्रहालयातली चित्रे मी नंतर पाहिली.

नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक १९१६ पासून १९४४ मधील मृत्यूपर्यंत ओस्लोतल्या एकेली इथे राहिला. त्याचे राहते घर १९६० मध्ये पाडले गेले, पण हिवाळ्यात काम करण्यासाठी १९२९ मध्ये बांधलेली त्याची चित्रशाळा अजून उभी आहे. माझ्या मते जुन्या वास्तूला आधार हवा तो वापराचा. केवळ आठवणींसाठी वहिनींनी आणखी वीस वर्षे गळती सोसावी, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

म्हणून मी दादाला सुचवले आहे की, भिंती ठेवून छप्पर बदलावे, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मागे नवे बांधावे, आणि नकाशात गाडीसाठी कापलेला दक्षिणेकडचा ओटा मात्र सोडू नये, कारण थंडीत आई तिथेच पावट्याच्या शेंगा सोलत ऊन खात बसते. त्या ओट्यावर ऊन कधी येते, हे मी विचारले होते. रविवारी वहिनींनी फोनवर सांगितले, "भाऊजी, साडेसातला येतं, साडेअकरापर्यंत असतं. ओटा राहू द्या. पण स्वयंपाकघराला खिडकी पूर्वेलाच पाहिजे."