पॉइंट झिरो आठ

ॲम्प्लिफायर घ्यायला निघालेल्या माणसाच्या घरी काही महिने जेवायला जाऊ नये. तो तुम्हाला एकच तान दोन वेगवेगळ्या डब्यांतून ऐकवतो, "काही फरक वाटला?" असं विचारतो, आणि "नाही" म्हणालात तर आमटी गार मिळते. सध्या तो माणूस मी आहे.

आमच्या पिढीचं वॅटचं शिक्षण नव्वदच्या दशकात झालं. तळहाताएवढ्या स्पीकरवर चंदेरी अक्षरांत '१००० वॅट पीएमपीओ' छापलेलं असायचं आणि आम्ही ते खरं मानायचो. (म्हणजे टेपरेकॉर्डर आणि इस्त्री एकाच ताकदीचे!) आता कळतं वय झालंय, म्हणून आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे खरे वॅट बघतो, स्पीकरचे ओहम, म्हणजे विजेला होणारा विरोध बघतो आणि शोरूमच्या सोफ्यावर डोळे मिटून बसतो.

"सर, याचे मिड्स बघा, कसले क्रीमी आहेत," विक्रेता सांगतो. "आणि बजेट थोडं वाढवलंत ना, तर पडदाच उठतो." वीस हजारांनी वर गेलं की एक पडदा उठतो, आणखी वीस हजारांनी दुसरा. गायकाच्या तोंडावर एवढे पडदे टाकले होते कोणी, हे मी भिडेखातर विचारलं नाही. पण त्याच्या अंगठ्याकडे मात्र बघत होतो. महागडा डबा लावताना तो अंगठा रिमोटवर जरा जास्त वेळ रेंगाळायचा. यात सगळी मेख आहे. आवाज अर्ध्या डेसिबलने वाढला तर कानाला तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. ज्याच्या हातात व्हॉल्यूम, त्याचा ॲम्प जिंकला.

म्हणून सामना घरी लावला. एक मित्राचा ५० वॅटचा, दुसरा शोरूमने डेमोला दिलेला ८० वॅटचा. मित्रही त्याच्या डब्याचा वकील म्हणून सोबत आला. एकातून वायरी काढायच्या, शोकेसच्या मागे हात घालून दुसऱ्यात खुपसायच्या, तांब्याचा एखादा केस शेजारच्या टर्मिनलला चिकटला की ॲम्प 'टक्' करून मौनव्रतात जाणार, की पुन्हा पहिल्यापासून. एवढ्यात आधीचा आवाज कसा होता ते कोणाच्या बापाला आठवतंय? बारकाव्यांची आठवण कानात काही सेकंदच टिकते. मित्र तरी ठामपणे म्हणाला, "तुझ्या डब्यात तानपुऱ्याची जवारी कोरडी लागते." त्याच वेळी स्वयंपाकघरात कुकरने तिसरी शिट्टी दिली होती आणि डोक्यावर पंखा पाचवर होता.

"जावईबापू, कानाचं काय ऐकता? मीटर लावा," असं म्हणत सासरे उठले. अण्णा वीज मंडळातून निवृत्त झालेत, मल्टीमीटर मात्र निवृत्त झालेला नाही. मोबाइलवरून १०० हर्ट्झचा सूर लावून त्यांनी स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजले. एकावर ०.८०, दुसऱ्यावर ०.८६. म्हणजे अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक, आणि तो कोणाच्या बाजूने, हे सांगायला नकोच. मित्र त्याच्या डब्याच्या नॉबवरचा हात काढून घेत म्हणाला, "सवयीने झालं असेल."

दोन्हीकडे ०.८० केल्यावर बायकोने मधे चादर धरली आणि अण्णा मागून वायरी बदलत गेले. जवारी कोरडी की ओली, यावर मित्राचा अंदाज निम्म्या वेळा बरोबर आला. त्याला छापा-काटाही पुरला असता. १९८७ साली अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने साध्या स्वस्त डब्यापासून हजारो डॉलरच्या व्हॉल्व्हच्या ॲम्पपर्यंत अशीच झाकून परीक्षा घेतली होती, आणि तिथल्या जाणकारांचीही हीच गत झाली होती. मित्राचं म्हणणं, चादर सुती होती, त्यामुळे वरचे सूर शोषले गेले.

अण्णा एव्हाना पेपरच्या कोपऱ्यावर आकडेमोड करत होते. "पॉइंट आठचा वर्ग, भागिले आठ ओहम... जावईबापू, तुम्ही पॉइंट झिरो आठ वॅटवर गाणं ऐकताय. आमचा नाइट लॅम्प यापेक्षा जास्त खातो!"

मी म्हटलं, एकदम जोरकस जागा आली की क्षणभर पन्नासपट वीज लागू शकते, म्हणून शिल्लक ठेवायची असते.

"पन्नासपट म्हणजे चार वॅट. बरं, दहा धरा. उरलेले सत्तर कोणासाठी?"

त्यातून ५० आणि ८० वॅटमध्ये फरक जेमतेम २ डेसिबलचा. दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. हे मला ठाऊक होतं, पण सासऱ्यांना सांगून स्वतःचीच केस कशाला बुडवा?

शेवटी ८० वॅटवालाच घेतला, कारण त्याला रिमोट आहे, अण्णांच्या जुन्या तबकड्यांसाठी फोनो इनपुट आहे, आणि तो शोकेसमध्ये वर चार बोटं हवा ठेवून बसतो. पैसे द्यायला अण्णा सोबत आले. काउंटरवर पेपरचा तो कपटा ठेवून म्हणाले, "हे बघा, ८० वॅटचे पैसे मागताय. आमच्याकडे लागतात जास्तीत जास्त दहा. तेवढ्याचा काय भाव लावाल?"

दुकानदाराने चष्मा वर करून कपटा नीट वाचला आणि म्हणाला, "दहा काय, ऐंशी काय, जीएसटी वेगळा."